स्वच्छ फिल्टर

दोरीवर आजोबांची बनियनं सात होती. आजींनी तिसऱ्यांदा मोजली, तरी सातच. घेतली होती आठ.

"आधी एसीचं बघू," आजोबा म्हणाले. "बनियन काही पळून जात नाही."

आतल्या खोलीत एसीवर पुन्हा बर्फ जमला होता. आजोबांनी तो पट्टीने मोजला, अकरा मिलिमीटर, आणि वहीत लिहिला. ते कारखान्यांचे निवृत्त तपासनीस. यंत्रं बिघडत नाहीत, माणसं बिघडवतात, हे त्यांचं मत. ते ऐकून आतापर्यंत तीन मेकॅनिक निघून गेले होते. खोलीत तेहतीस अंश उकाडा होता आणि चार महिन्यांचा नातू घामोळ्यांनी लालेलाल झाला होता. सुनेने बॅग भरून दाराशी ठेवली होती.

"संध्याकाळपर्यंत खोली थंड झाली नाही, तर बाळाला घेऊन मी माहेरी जाते, आई," ती आजींना म्हणाली होती. रागाने नाही, म्हणून आजींना जास्त भीती वाटली.

चौथा मेकॅनिक स्टुलावर चढायच्या आत आजोबांनी फिल्टर काढून त्याच्या नाकासमोर धरला. "एक कण दाखवा."

"साहेब, एवढा स्वच्छ फिल्टर मी दुकानातसुद्धा पाहिला नाही. गॅस कमी असेल."

"तिघांनी तपासलाय. पुरेपूर आहे."

आजींना राहवेना. एसीशेजारच्या कपाटावर त्या रोज फडकं मारत आणि रोज ते काळं होई.

"फिल्टर कधी धुतलात हो?"

"धुवायची वेळच येत नाही."

"मग या खोलीतली धूळ जाते कुठे?"

"धूळ आत शिरणारच नाही, असा बंदोबस्त केलाय मी."

मेकॅनिकने आजोबांकडे एकदा पाहिलं आणि स्टुलावर चढून एसीच्या डोक्यावर हात घातला. हवा आत घेणाऱ्या जाळीवर काहीतरी ताणून बसवलं होतं. त्याने ते ओढून काढलं. राखाडी, जाडजूड, पायपुसण्यासारखं.

"नाक दाबून ठेवलंत की हो याचं. बर्फ नाही जमणार तर काय?"

"माहितीपुस्तिकेत तसं स्पष्ट लिहायला हवं होतं," आजोबा वही मिटत म्हणाले.

आजींनी ते उलगडून पाहिलं. त्यांनी ते चिमटीत धरून नेलं आणि साबणाच्या पाण्यात भिजत घातलं.

पाच वाजता खोली चोवीस अंशांवर आली. बर्फ शून्य मिलिमीटर. दोरीवर बनियनं आठ.