लांबून दिसणारी चमक

चार वर्षं खपून तिने असे नॅनोकण बनवले होते, की बिघडलेल्या किडनीतून गळणारं प्रथिन लघवीत असलं तर ते अतिनील दिव्याखाली हिरवे चमकावेत. विभागप्रमुखांना ती चमक मिणमिणती वाटली. "प्रात्यक्षिकाला येणाऱ्या पाहुण्यांना लांबून दिसायला हवी. रुग्णाच्या नमुन्याच्या नळीत हायलायटरची शाई घाल, तीही या दिव्याखाली हिरवी चमकते." "मग टेबलावर नुसता हायलायटरच ठेवा ना, सर! चार वर्षं मी काय माश्या मारल्या?" ती तडकली. "बरं बाई, ऐन वेळी मीच घालतो," म्हणत त्यांनी पेन खिशात खोचलं. पाहुण्यांसमोर सरांनी स्वतःच्या लघवीची नळी उचलली. "हा ठणठणीत माणसाचा नमुना, चमकणार नाही!" दिवा लागला. नळी झगझगीत हिरवी झाली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सर तिच्या कानाशी फणफणले, "माझ्या नळीत शाई ओतलीस?" "पेन तुमच्याच खिशात आहे, सर. आजच डॉक्टरांना गाठा. चमक लांबूनसुद्धा दिसली."