मथुराबाईंचे हातमोजे

सुरमीच्या पोटातलं बाळ आडवं होतं, आणि दरड कोसळून घाट बंद झालेला. कळा वाढण्याआधी बाळ फिरलं नाही, तर दोघांच्याही जिवावर बेतणार होतं. डॉक्टर केतकीने मथुराबाईंचे कातडीसारखे पातळ हातमोजे चढवले. या डोंगरातल्या त्या पहिल्या डॉक्टरीणबाई आता हयात नव्हत्या, पण त्यांच्या हातांची सगळी सवय मोज्यांत जपलेली होती; घालणाऱ्याचे हात मोजेच चालवायचे.

मोज्यांनी केतकीचे हात उचलले खरे, पण पोटाकडे नेलेच नाहीत. तळवे नुसते एकमेकांवर घासत राहिले.

"बिघडले वाटतं!" केतकीला घाम फुटला.

"बिघडतात कसले! थांबा की जरा," पाडवी सिस्टर म्हणाल्या. "मथुराबाई हात गरम करताहेत. गार हात लागला की पोरी पोट आवळून धरतात. मग बाळ कसलं फिरतंय?"

सुरमी कण्हता कण्हता हसली. "आई सांगायची. मीपण आडवीच होते म्हणे. त्यांनीच फिरवलं मला."

उबदार तळवे पोटावर टेकले. सुरमीचं अंग सैल पडलं, आणि केतकीच्या हातांखाली बाळ हळूहळू वळत गेलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी झाली. मोजे कपाटात होते. बाळाला घ्यायला केतकी पुढे झाली, थबकली, आणि आपले उघडे तळवे एकमेकांवर घासू लागली.