लोहपंखाविरुद्ध आबा

"पूल पडतो," आबा म्हणाले. "शंभर मोटारी नदीत जातात. आणि प्रेत एक नाही. एकसुद्धा नाही!"

"पहिला मुद्दा," विश्वेश म्हणाला आणि त्याने कागदावर नोंद केली.

रविवारची सकाळ होती. दूधविनायकाच्या गल्लीतल्या त्या घरात कचोऱ्या संपल्या होत्या आणि वाद सुरू झाला होता. वाद म्हणजे भांडण नव्हे; भांडणं इतर घरांत होतात. बिंदुमाधवशास्त्री, म्हणजे आबा, चाळीस वर्षं पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण घराची काही त्यातून सुटका झाली नाही. मोठा निर्णय असला की दोघांनी दोन बाजू मांडायच्या, तिसऱ्याने निवाडा द्यायचा आणि तो सगळ्यांनी मुकाट मानायचा. वॉशिंग मशीन आलं त्या वर्षी सून शरदिनी हाताने कपडे धुण्याच्या बाजूने अर्धा तास बोलली होती आणि साफ हरली होती.

आज निवाडा तिच्या नवऱ्याकडे होता. आबांचा मुलगा विश्वेश बँकेत अधिकारी, म्हणजे नाही म्हणण्याची सवय असलेला माणूस.

विषय होता हैदराबादहून आलेलं पत्र. 'लोहपंख' या सिनेमाच्या दुसऱ्या भागात काम, आठ महिने मुक्काम, होकार उद्यापर्यंत कळवावा. पत्र मालविकेच्या ईमेलवर आलं होतं. विश्वेशची ही तेवीस वर्षांची मुलगी लोहपंखाची कॉमिक्स वाचतच मोठी झाली; तिच्या गणिताच्या वह्यांतही पंखच जास्त असायचे. मार्चमध्ये सिनेमा कंपनीची माणसं शिंदे घाटावर जागा बघायला आली, तेव्हा तीच त्यांना गल्ल्या दाखवत फिरली होती. आबांनी त्याच माणसांना देवळाच्या पायरीवर बूट घालून बसल्याबद्दल असं झापलं होतं की अख्खा घाट गप्प झाला होता.

काल चौघांनी मॉलमध्ये जाऊन सिनेमाचा पहिला भाग पाहिला. न बघता वाद घालणं आबांना मंजूर नव्हतं.

विश्वेशचं उत्तर मनात ठरलेलंच होतं. आपल्या घरातलं माणूस, आणि सिनेमात! बँकेत काय तोंड दाखवायचं? पण निवाडा कारणासकट द्यावा लागायचा, आणि कारणं आबा पुरवत होतेच.

"ज्या गल्लीतून रोज 'राम नाम सत्य है' जातं," आबा म्हणाले, "तिथल्या माणसाने हे बघायचं?"

"त्यानेच बघायचं," मालविका म्हणाली. "रोज मरण बघणाऱ्याला अडीच तास कोणी मरत नाही असं बघावंसं वाटणार नाही? आपल्या मागे नदीपलीकडच्या रामनगरचे नाववाले बसले होते, सीटी मारत. वो लोग बेवकूफ नहीं हैं, आबा. लोखंडाचे पंख लावून उडता येत नाही, हे त्यांनाही कळतं."

"ती शास्त्रज्ञ बाई. इतकी शिकलेली, आणि काम काय, तर तीनदा किंचाळायचं!"

"मान्य. ते चूकच आहे."

"अगं, मान्य काय करतेस!" शरदिनी दारातून म्हणाली. ती सकाळपासून देवाला हात जोडून बसली होती.

"चूक आहे ती चूक, आई."

आबांचा आवाज चढला. "गोष्ट संपल्यावर चाळीस मिनिटं नुसतं धडामधुडूम. डोकं अजून ठणकतंय. आणि तो खलनायक! जग कशासाठी बुडवायचंय त्याला? काही कारण? नुसता दात काढून हसतो. समोरचा पक्ष इतका दुबळा, तर त्याला हरवण्यात कसला पुरुषार्थ? खुळा आहे तो, खुळा!"

खिडकीतली कबुतरं उडाली. विश्वेशने समाधानाने चौथा मुद्दा लिहिला.

मालविका उभी राहिली.

"हो, खुळा आहे. शेवट फालतू आहे, हेही खरं. पण लोहपंख कोण आहे, आबा? विजेच्या खांबावर चढणारा लाइनमन. साहेब शिव्या देतो आणि तो मान खाली घालतो. तो पहिल्यांदा उडाला तेव्हा तुम्ही काय केलंत? खरं सांगा."

आबांनी कचोऱ्यांची रिकामी ताटली उगाच सरळ केली.

"माझा हात पकडला होतात. घट्ट. तेव्हा कुठे गेले तुमचे मुद्दे? जे चुकलंय ते सुधारायला कुणीतरी जायला हवं की नको? ते आपल्या घरातून गेलं तर बिघडलं कुठे? लोक हसतील? हसू देत! हसणारेसुद्धा तिकीट काढून बघायला येतील."

"आबा, उत्तर?" विश्वेशने विचारलं. त्याला उत्तर हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं.

खोटं बोलणं त्यांना जमत नसे.

"उत्तर नाही," ते म्हणाले. "मीसुद्धा उडालो होतो."

विश्वेशने कागद उलटा ठेवला. सगळे मुद्दे त्यावर होते आणि एकही कामाचा उरला नव्हता.

"मालविका जिंकली," तो कसाबसा म्हणाला.

शरदिनी डोळे पुसत आत बॅग काढायला गेली. मालविकेने आबांना मिठीच मारली.

"मला वाटलं होतं, तुम्ही मुद्दाम ढिलं बोलाल," विश्वेश आबांना म्हणाला. "नियम मोडला, एवढ्यावरच मी नाही म्हणणार होतो."

"ज्याला जे हवं, त्याने त्याच्याच विरुद्ध बोलायचं. नियम मी केला आणि मीच ढिलं बोलू?" आबा छाती काढून उठले. "मालविके, लिही त्यांना. म्हणावं, घाटावर तुम्हाला झापणारा तुमचा खलनायक येतोय. आणि या वेळचा खुळा नाही."