चुकलेला सूर

पडद्याआड बसून तिने वाजवलेलं व्हायोलिन परीक्षकांना आवडलं. पडदा सरकल्यावर तिच्या शेजारी अंधांची पांढरी काठी दिसली. "वाद्यवृंदात दर आठवड्याला नवी रचना असते. तू वाचणार कशी?" प्रमुखांनी विचारलं. "आई वाचते, मी पाठ करते." त्यांनी अनोळखी रचना पुढे केली. आई शिवणकाम करायची. लेकीसाठी स्वरलिपी शिकली होती. सोबत आलेल्या आईने बाहेरच्या बाकावर तासभर एकेक सूर वाचून दाखवला. लेकीने जीव ओतून वाजवलं. "छान! पण शेवटी एक सूर चुकला," प्रमुख म्हणाले. "ती चूक माझी, साहेब. मीच चुकीचं वाचलं," आई घाईघाईने म्हणाली. नोकरी हातातोंडाशी आली होती, तरी लेक म्हणाली, "नाही. आईने बरोबर वाचलं, चुकले मीच." प्रमुख हसले. "इथले डोळस वादक एवढं कबूल करत नाहीत. सोमवारपासून दोघीही या."