ओळ ग, खुर्ची चौदा

नाटकांच्या हंगामी पासांचा गठ्ठा उघडून बाईंनी वरचा पास उचलला आणि त्यांच्या कपाळाची शीर उठली. पासावर ठसठशीत छापलं होतं : ओळ ग, खुर्ची चौदा. त्यांनी दुसरा उचलला. ओळ च, खुर्ची तीन. तीनशे वीस पास, आणि एकेका पासावर एकेक खुर्ची. बाईंच्या नाटक कंपनीकडे मात्र एक सिंहासन सोडलं तर बसायला काही म्हणजे काही उरलेलं नव्हतं.

नाट्यगृह महिन्यापूर्वी विकलं गेलं. खुर्च्या जमिनीला स्क्रूनं आवळलेल्या, त्या इमारतीबरोबर गेल्या. कंपनीला मिळाली साबणाच्या बंद कारखान्याची शेड. पत्रे धड, फरशी ओबडधोबड, आणि कितीही धुतलं तरी वास काही जाईना. बाईंनी नाकावर टिच्चून तिथेच पुढचा हंगाम जाहीर केला. पाच जुनी नाटकं, एकाहून एक लांब, त्यातली तीन रडवणारी.

नाट्यगृहाच्या किल्ल्या घ्यायला आलेला नव्या मालकाचा व्यवस्थापक फलक वाचून गालातल्या गालात हसला होता.

"बाई, तीन-तीन तास लोक उभ्यानं बघणार?"

"नाही बघितलं तर रिकाम्या शेडला दाखवू," बाई म्हणाल्या. "पण पडदा ठरल्या दिवशी वर जाईल."

बोलायला काय जातंय! कंपनीतल्या दोघा चांगल्या नटांना दुसरीकडून बोलावणी आली होती आणि ते फक्त पहिल्या प्रयोगाची वाट बघत होते. तो पडला की कंपनी संपली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यात कंपनीचा प्रेक्षक साठीच्या पुढचा. सतरंजीवर बसवायचं म्हटलं, तर उठवायला हमाल लावावे लागले असते. आणि आता हे पास!

बाई तरातरा खिडकीकडे गेल्या. तिकीटखिडकी त्यांच्या नणंदेची. अठ्ठावीस वर्षं वन्सं तिथे बसत होत्या. प्रेक्षकांची नावं त्यांना कधीच पाठ झाली नाहीत. त्यांच्या लेखी माणूस म्हणजे नंबर. ग-चौदाला नातू झाला, च-तीनचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, च-चारचं च-तीनशी दोन खुर्च्यांमधल्या एकाच हातावरून अजून वाकडंच आहे, अशा बातम्या त्या जेवताना द्यायच्या.

"वन्सं, हे काय छापलंत?"

"दर वर्षी छापते तेच."

"अहो, पण खुर्च्या कुठायत? लोक शेडमध्ये ग-चौदा शोधत फिरतील. हसं होईल आपलं!"

वन्संनी चष्मा पुसला. "वहिनी, तुम्ही मुकुट सांभाळा. खिडकी माझी मी बघते."

बाईंना इतका संताप आला की त्यांना रडूच फुटलं. पण पुन्हा छापायला वेळ नव्हता. पास तसेच गेले. सगळे गेले, याचंच बाईंना जास्त वाईट वाटलं. तीनशे वीस माणसांना आपण फसवलं, असं त्यांना वाटत राहिलं.

पहिल्या प्रयोगाच्या दिवशी साडेपाचला राणीच्या वेशात त्यांनी पडद्याच्या फटीतून बघितलं. शेड रिकामी. सतरंज्यासुद्धा वन्संनी घालू दिल्या नव्हत्या. फरशीवर चुन्याच्या रेघा तेवढ्या मारलेल्या. फाटकाशी तो व्यवस्थापक हाताची घडी घालून उभा होता. तमाशा बघायलाच आला होता मेला.

"बाई, रद्द करायचं का?" सेनापती झालेल्या नटानं हळूच विचारलं.

"सहाला पडदा वर," बाई म्हणाल्या. "समोर कुत्रं बसलं तरी वर. आणि आवाज शेवटच्या पत्र्यापर्यंत गेला पाहिजे."

सेनापतीनं मान डोलावली आणि कंबरेचा पट्टा आवळला.

तेवढ्यात रस्त्यावरून खरखर ऐकू आली. मग खडखड. बाईंनी पुन्हा डोळा लावला. फाटकातून एक आजी आत येत होत्या, मागे सून, आणि सुनेच्या डोक्यावर जेवणाच्या टेबलाची खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर खडूनं लिहिलं होतं, ग-चौदा. त्यांच्या मागून एकजण स्कूटरवर प्लास्टिकची खुर्ची बांधून आला. निवृत्त मास्तर चाकांची खुर्ची ढकलत आले. न्हाव्यानं तर दुकानातली फिरती खुर्चीच दोघांकडून उचलून आणली, आणि ती आपल्या ओळीत, आपल्या रेघेवर, बरोबर ठेवली. कुणी स्टूल, कुणी झाकणाला उशी बांधलेली पेटी. क, ख, ग, घ, ओळी भरत गेल्या. मधली वाट मोकळी राहिली. च-तीन आणि च-चार शेजारी शेजारी बसले. दोघांच्याही खुर्च्यांना आपापले हात होते, तरी त्यांचं भांडण सुरू झालं.

व्यवस्थापकाची हाताची घडी केव्हाच सुटली होती. त्याला धक्के बसत होते, कारण तो वाटेत उभा होता आणि लोकांच्या हातात सामान होतं.

चेहऱ्याचा रंग ओघळेल म्हणून बाईंनी मान वर करून डोळे मिटले. विंगेत वन्सं चुन्याचे हात झटकत उभ्या होत्या. राणी मुकुटासकट त्यांच्यासमोर गेली.

"वन्सं, हे तुम्ही केलंत?"

"मी कुठं काय केलं?" वन्सं म्हणाल्या. "पास देताना एकेकाला एवढंच सांगितलं, की नाट्यगृह विकलं, पण तुमची जागा विकता आलेली नाही, खुर्ची तेवढी घरून आणा."