शिकाऱ्याचा वाटा

रानात पळत्या हरणांमागं आयुष्यभर धावून इलारियो म्हातारा कधी दमला नव्हता. पण स्पॅनिश पाद्र्यानं त्याच्या टोळीला मिशनमध्ये आणून शेतीला जुंपलं, आणि एका जागी उभ्या असलेल्या मक्यानं चार महिन्यांत त्याची कंबर मोडली. बायाबापड्यांसकट सगळेच राबले. पहिलं पीक निघालं, घंटा झाली, प्रार्थना झाली, मक्याच्या पेजेचे चाळीस वाडगे भरले. पोटात आग पडली होती, तरी एकही हात वाडग्याकडे जाईना. प्रत्येकानं कणसांची सालं तेवढी गोळा करून काखेत मारली.

“अरे, खा की!” पाद्रीबाबा ओरडले. “आता कसला रुसवा?”

“रुसवा नाही, बाबा,” इलारियो भिंतीला टेकत म्हणाला. “आमच्यात जो मारतो, तो मांस खात नाही. मांस दुसऱ्यांचं. शिकाऱ्याला नुसतं कातडं.”

“मका म्हणजे काय हरीण आहे?”

“छे! हरणानं कधी एवढा जीव नाही खाल्ला आमचा,” इलारियोची बायको पुटपुटली.

मग शेतात घाम न गाळलेला माणूस शोधायला सगळे निघाले. फार लांब जावं लागलं नाही. चाळीसच्या चाळीस वाडगे पाद्रीबाबांपुढे येऊन बसले.

“एवढं संपवा, बाबा,” इलारियो डोळे मिटत म्हणाला, “आणि उद्यापासून कुदळ तुम्ही धरा. म्हणजे पुढच्या पिकाला तरी आम्हाला जेवता येईल.”