आक्काताईचा निळा डबा

दवाखान्यातून फोन आला तेव्हा बाळासो अंगणात बसून वर्गणीच्या डब्याला निळा रंग देत होता. त्याची बायको, आक्काताई, गेली. त्याने ब्रश झाकणावर ठेवला आणि तसाच उठला. ब्रश तिथेच वाळून चिकटला.

आदल्या दिवशीच दवाखान्यात ती त्याला म्हणाली होती, "अवो, विहाराच्या स्लॅबसाठी वर्गणी घ्यायची परवानगी आलीया. मला आता फिरणं हुयाचं न्हाय. डबा तुम्ही फिरवा. एकबी घर सोडू नगा."

खाटेशेजारी संघप्रिया उभी होती. विहार समितीचा कारभार तीच बघायची. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

बाळासोची सगळी नोकरी कारखान्याच्या गेटवर गेली. पास नसेल तर त्याने साहेबाच्या मेव्हण्यालाही आत सोडलं नव्हतं. स्वतःलाही तोच नियम. काम नसेल तर तो कुणाच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही. बारशी, लग्नं, आजारपणं, सगळीकडे आक्काताई एकटीच जायची. "आमचं गेट बंद असतंया," म्हणून हसायची.

तिच्या नावानं पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गडमुडशिंगीतून आपापल्या गावी गेले. बाळासोने दाराला आतून कडी घातली. गॅसवर चहा तेवढा व्हायचा. मग एका सकाळी संघप्रियाने कडी वाजवली. हातात लाखेची कांडी होती.

"मामा, डबा निघायला पायजे."

"परवानगीचा कागद कुटं हाय?"

"विहारात. तुमच्या खिशात घामानं भिजवायचाय व्हय?"

कागदाशिवाय निघणं बाळासोला पटेना. मागे एकदा समितीने परवानगी न काढता वर्गणी घेतली होती. नोटीस आली आणि जमलेला पैसा घरोघरी परत करावा लागला. पण आक्काताईचं एवढंच काम मागे राहिलं होतं. ते आपल्या हातून पुरं व्हावं, बाकी त्याला काही नको होतं. संघप्रियाने झाकणाला लाख लावून डबा बंद केला. वर फक्त भोक. तो निघाला.

पहिलं घर बनाबाईचं. ती आक्काताईची जिवाभावाची मैत्रीण. अंगणात चार बायका चिंचा फोडत बसल्या होत्या.

"आलं का गेट उघडून?" बनाबाई म्हणाली.

"वर्गणीला आलोय."

"वर्गणी काय पळून जात्या व्हय? बसा, दाजी."

ती डबा घेऊन आत गेली. दान चारचौघांत दाखवून द्यायचं नाही, ही वस्तीची रीत. पत्र्यावर खडखड ऐकू आली. बाहेर आली ती एका हातात डबा, दुसऱ्या हातात ताट घेऊन.

"मी जेवायला न्हाय आलो."

"मग काय डब्याला भरवू? आक्कासारखी आमटी मला येत न्हाय. गुमान खावा."

तो जेवला. म्हणाला, "मीठ कमी हाय."

"ती बी ह्येच म्हणायची," बनाबाई हसली आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली.

सगळीकडे तीच तऱ्हा. वर्गणी दिली आणि वाटेला लावलं, असं एका घरात झालं नाही. पूर्णिमाने तिचं तान्हं पोर त्याच्या मांडीवर दिलं. "आक्काताईनं नाव ठिवलंय ह्याचं, तुम्ही तोंडबी बघितलं न्हाईसा." आण्णाने बिघडलेला पंखा पुढे केला. पंखा फिरला तरी आण्णा सोडेना. दिवसाला एक घर व्हायचं, फार तर दोन. जी झाली, तिथूनही निरोप यायचा, "आमचं थोडं द्यायचं ऱ्हायलंय, परत या." घरी आला की तो आक्काताईच्या फोटोसमोर डबा हलवायचा. "बघ. जड झालाय."

दाराची कडी आता दिवसभर उघडीच असायची.

सगळी घरं झाली तेव्हा तो डबा घेऊन विहारात गेला. बायका झाडलोट करत होत्या. बाळासोने सतरंजी पसरली.

"संघप्रिया, फोड लाख. सगळ्यांसमोर उघडायचा, तसा नियम हाय."

"उद्या बघू की, मामा."

"उद्या कशाला?"

संघप्रिया केरसुणी घेऊन कोपऱ्याकडे वळली. शेवटी त्यानेच लाख फोडली आणि डबा उपडा केला.

सतरंजीभर चिंचोके पसरले.

बाळासोने मूठभर चिंचोके उचलले. मग त्याने संघप्रियाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"चिंचोक्याला परवानगी लागत न्हाय, दाजी," बनाबाई हळूच म्हणाली. "आक्कानं आधीच संघप्रियाला विचारून घेतलं हुतं. मग घरोघर सांगितलं, पैसं नगं, चिंचोकं टाका, पर ह्यास्नी बसवून घ्या."

परवानगी अजून यायची होती. स्लॅबसाठी एक रुपयाही गोळा झालेला नव्हता.